पाण्याचं टेबल

१

सकाळी पळायला न जाता मी कामावर गेलो, तर दुपारपर्यंत कोणाशी तरी भांडतो. हे निरीक्षण बायकोचं आहे, आणि खरं आहे. मी दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवतो. दिवसभर तोंडाला मास्क लावून प्लास्टर घासायचं, मेणात दात बसवायचे आणि दंतवैद्यांचे फोन घ्यायचे. माप त्यांनी चुकवायचं, पेशंटला टोचलं की बोलणी मी खायची. तो सगळा राग मी रस्त्यावर काढतो. रस्ता उलट बोलत नाही.

माझ्याबरोबर माझा मेव्हणा पळायचा. बायकोचा धाकटा भाऊ. त्याला होयबा हे नाव मीच ठेवलं आणि ते त्याला चिकटलं. वीज गेल्याच्या तक्रारी घेणाऱ्या फोनवर तो कामाला होता. लोक शिव्या घालायचे आणि हा 'हो साहेब, हो मॅडम' करत लिहून घ्यायचा. त्याची बायको सोडून जाते म्हणाली, तेव्हाही हा हो म्हणाला आणि एक बॅग घेऊन आमच्या बाहेरच्या खोलीत राहायला आला. पळायलाही आला तो मी विचारलं म्हणूनच. माझ्या थोडा मागे राहायचा, फासफूस करत. वळून न बघता त्याच्या धापांवरून मला कळायचं, की तो किती मागे आहे.

पावसाळा सरताना शहरात मोठी शर्यत असते, त्यामुळे सराव भर पावसात करावा लागतो. आम्ही गोदामांच्या रस्त्यावर जायचो. सरळ, सपाट रस्ता, सकाळी गाड्या नाहीत. बूट पहिल्या डबक्यातच भिजतात, मोजे पायाला सालासारखे चिकटतात, आणि मग काही वाटेनासं होतं.

त्या दिवशी पाऊस आडवा येत होता. गोदामाच्या लांब भिंतीला लागून एक टेबल मांडलेलं दिसलं. जमिनीपर्यंत पांढरं कापड, वर कागदी पेल्यांच्या रांगा, मागे रेनकोट घातलेला एक माणूस. रेनकोटची टोपी नाकाच्याही खाली ओढलेली. शर्यतीत असतो तसा हात पुढे केलेला, हातात पेला.

"आज कुठली शर्यत आहे का, भाऊजी?" होयबाने मागून विचारलं.

"असती तर आपण दोघंच असतो का?"

जाता जाता मी पेल्यांकडे पाहिलं. काठोकाठ भरलेले होते. पाऊस कापडावर ताडताड उडत होता, टेबलाच्या कडेवरून ओघळत होता. पेल्यांतलं पाणी मात्र हलत नव्हतं. एकाही पेल्यातलं नाही.

रोज दातांच्या कडा बघून माझे डोळे बिघडलेत, असं मी स्वतःला सांगितलं आणि वेग वाढवला.

२

आमच्या भागातल्या पळणाऱ्यांचा एक ग्रुप आहे. त्याचा म्होरक्या कॅप्टन. सैन्यात वगैरे नव्हता, एका बँकेतून निवृत्त झालेला आहे, पण शिट्टी गळ्यात घालतो म्हणून कॅप्टन. त्याला मी विचारलं, की गोदामाच्या रस्त्यावर पाणी कोण वाटतंय.

"कोणी नाही. शर्यतीला अजून वेळ आहे," तो म्हणाला. "तुला का त्रास होतोय? कोणी चांगलं काम करत असेल."

"पावसात? पावसात पाणी वाटतं का कोणी?"

"तू ना, फुकट मिळालेल्या गोष्टीतही खोट काढशील."

असल्या बोलण्याने माझं डोकं फिरतं. मी तिथेच त्याला दोन शब्द सुनावले आणि घरी आलो.

पुढच्या सरावाला टेबल पुन्हा होतं, पण भिंतीजवळ नाही. रस्त्याच्या अलीकडे, आमच्या घराच्या बाजूला सरकलेलं. माणूस तसाच उभा. त्याच्या हाताकडे माझं लक्ष गेलं. इतका वेळ पेला पुढे धरून माणसाचा हात थरथरतो, तो हात बदलतो, निदान खाली घेतो. हा हात भिंतीत ठोकलेल्या खुंटीसारखा होता.

होयबाचा वेग कमी झाला.

"चल," मी म्हणालो.

"बिचारा केव्हाचा उभा आहे. घ्यायला काय जातं?"

"तहान लागलीये तुला?"

"नाही."

"मग?"

मी त्याला दंडाला धरून ओढत पुढे नेलं. परत येताना मुद्दाम पलीकडच्या गल्लीतून आलो. त्या गल्लीत गटार भरून वाहत होतं आणि आम्ही घोटाभर घाणीतून चालत घरी पोचलो. बायकोने दारातच आमचे बूट बघितले आणि माझ्यावर तोंडसुख घेतलं. होयबा 'हो ताई, हो ताई' करत राहिला.

३

एका सकाळी एका दंतवैद्याने मला लवकर बोलावलं, कारण त्याच्या कुठल्याशा खास पेशंटची कवळी मोडली होती. होयबा एकटा पळायला गेला. दुपारी जेवताना तो सहज म्हणाला, "आज घेतलं पाणी."

माझा घास तोंडातच राहिला. "कसं होतं?"

"काहीच नव्हतं. गार नाही, कोमट नाही. प्यायलो असं वाटलंच नाही. पण तो खूश झाला असावा."

"कशावरून? काही बोलला?"

"नाही."

मी ताटावरून उठलो. एवढ्याशा गोष्टीचा एवढा राग का आला, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. बायको म्हणाली, "पाणी तर प्यायला, दारू नाही." खरंच होतं ते.

त्यानंतर होयबा चांगला पळायला लागला. आधी माझ्या बरोबरीने, मग पुढे. मी जीव तोडून त्याच्या मागे जायचो आणि तो गोदामांपुढच्या पुलाच्या चढावर पाठ ताठ ठेवून लांब जात राहायचा. मला वाटलं, मला हेवा वाटतोय. बायकोने ते तोंडावर सांगितलंही. "आयुष्यात पहिल्यांदा त्याला काही जमतंय, तर तुमच्या पोटात दुखतंय." आम्ही दोन दिवस अबोला धरला.

पण हेव्याने माणसाचे कान बिघडत नाहीत. एकदा मी मुद्दाम त्याच्या खांद्याला खांदा लावून चढावर पळालो. माझी छाती फुटायला आली होती. त्याच्या बुटांचा आवाज येत होता. पाण्यात पडणारी पावलं, एकसारखी, लॅबमधल्या घासायच्या चक्रासारखी. त्याच्या श्वासाचा आवाज मात्र नव्हता. तोंड मिटलेलं, नाकपुड्या स्थिर. पावसाचं पाणी त्याच्या वरच्या ओठावर साचलं होतं आणि फुंकरीने उडायला हवे होते ते थेंब तिथेच बसून होते.

"होयबा, थांब जरा."

"हो," तो म्हणाला, आणि थांबला नाही.

४

रविवारी दुपारी बायकोने मला हाक मारली. ती घरी कपडे शिवते, दुरुस्त करते. मशीन बाहेरच्या खोलीतच असतं. होयबा तिथे पलंगावर झोपला होता, अंगावर चादर. ती दारात उभी होती. आधी हसत होती.

"बघा, झोपेतही पळतोय तुमचा शिष्य."

चादरीखाली पाय हलत होते. डावा, उजवा, डावा, उजवा. कुत्रं स्वप्नात पाय झाडतं तसं तुटक नाही. व्यवस्थित, लयीत, टाच टेकवून. वरचं अंग गाढ झोपलेलं होतं.

"किती वेळ चाललंय?"

"मी हा अख्खा झगा शिवला तेवढा वेळ."

ती पुढे गेली आणि लहानपणी त्याला झोपवायची तशी दोन्ही पावलांवर हात ठेवून दाबून बसली. मी तिचा चेहरा बघत होतो. हसू गेलं. मग तिने अंगाचा सगळा भार टाकला. पलंग कुरकुरला. तिचे हात पावलांबरोबर पुढेमागे होत राहिले.

"अहो," ती हळूच म्हणाली, "हे गार आहेत."

डॉक्टरने झोपेच्या गोळ्या दिल्या, पायांना वात येतो म्हणाला. होयबाने हो म्हणून सगळ्या गोळ्या घेतल्या. त्याचं वजन उतरायला लागलं. कामावर खुर्चीत बसून तो टेबलाखाली पाय चालवायचा, म्हणून शेजारच्यांनी तक्रार केली. मी त्याला समोर बसवून विचारलं, "थांबायचंय तुला?"

"हो."

"मग थांब ना."

आयुष्यभर सगळ्यांना हो म्हणत आलेला माणूस. त्याचे गुडघे टेबलाला खालून आपटत होते आणि त्याचे डोळे भरून आले होते.

५

दुसऱ्या दिवशी मी एकटा गेलो. पळत नाही, चालत, हातात लोखंडी पाना घेऊन. मला भीती वाटत नव्हती. मला इतका राग आला होता, की भीतीला जागाच उरली नव्हती.

टेबल आमच्या घराच्या आणखी जवळ आलं होतं. बंद असलेल्या सायकलच्या दुकानासमोर, पत्र्याखाली. मला वाटलं, निदान पावसापासून आडोसा घेतलाय, म्हणजे माणूसच आहे.

"काय पाजलंस त्याला?" मी विचारलं.

हात पुढे. पेला पुढे.

"ऐकू येत नाही का? काय आहे यात?"

मी पेल्यावर फटका मारला. पेला उडून रस्त्यावर पडला आणि वाहत गेला. हात जिथल्या तिथे होता, बोटं पेला धरल्यासारखी गोल. मी टेबल उलटं करायला कापड मुठीत धरलं, तेव्हा मला आवाज ऐकू आला. पत्र्यावर पाऊस होता म्हणून आधी कळला नव्हता. टेबलाखालून येत होता. डावा, उजवा, डावा, उजवा.

मी कापड वर उचललं.

त्याचे पाय पळत होते. कमरेच्या वर रेनकोटची एक सुरकुतीही हलत नव्हती, आणि खाली पाय जागच्या जागी पूर्ण वेगात पळत होते. बुटांचे वरचे भाग आणि नाड्या होत्या. तळ नव्हते. तळ केव्हाच झिजून गेले होते. त्यानंतर जे झिजायचं तेही झिजत गेलं होतं. जमिनीत त्या जागी फरशी घासून दोन गुळगुळीत खळगे पडले होते, आणि पाय त्या खळग्यांत अगदी बरोबर बसत होते.

मी कापड सोडलं. वर त्याचा चेहरा माझ्याकडे वळला होता की नाही, ते मी पाहिलं नाही. पाना तिथेच पडला. घरी येऊन मी मोरीत बराच वेळ उभा राहिलो आणि स्वतःला समजावत बसलो. पत्र्याखाली अंधार होता, डोकं तापलेलं होतं, राग आला की माणूस काहीही बघतो. बायकोला मी एवढंच सांगितलं, की होयबाला बाहेर सोडायचं नाही.

६

खोलीला कडी लावून बघितली. तो आरडाओरडा करत नव्हता. दाराशी तोंड करून पळत होता आणि त्याचे गुडघे दारावर आपटत होते. बायकोने ते सोललेले गुडघे पाहिले आणि कडी काढली.

शर्यतीच्या सकाळी तो बूट घालून तयार होता. बायकोने रात्रंदिवस विचार करून एक गोष्ट केली होती. अंध पळणाऱ्यांबरोबर सोबती पळतो, दोघांच्या मनगटांत एक दोरी असते, ती तिने टीव्हीवर पाहिली होती. जाड पट्ट्याला दोन्ही टोकांना फास शिवून तिने तसा एक पट्टा केला होता. एक फास तिने स्वतः होयबाच्या मनगटात घातला, दुसरा माझ्या.

"तुम्ही त्याला सोडायचं नाही," ती म्हणाली. आवाजात विनंती नव्हती. "तुम्हीच नेलंत त्याला तिकडे."

ते मला झोंबलं, पण उत्तर द्यायची ती वेळ नव्हती.

पावसात हजारभर माणसं सुटली. मी पळालो असं म्हणता येणार नाही, मला ओढलं गेलं. माझ्या मांड्यांत गोळे आले, घशात रक्ताची चव आली, आणि पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला तो तोंड मिटून जात राहिला. कडेचे लोक टाळ्या वाजवत होते. त्यांना आम्ही फार गोड दिसत असणार. आंधळ्याला शर्यत पुरी करून देणारा सज्जन. मला त्या प्रत्येकाचा गळा धरावासा वाटत होता.

शेवटची कमान दिसली. माइकवरचा माणूस ओरडत होता, पोरी पदकं घेऊन उभ्या होत्या. आम्ही कमानीखालून गेलो आणि होयबा थांबला नाही. पदकं, केळ्यांची खोकी, फोटो काढणारे, सगळं मागे गेलं. पुढचा रस्ता दोऱ्या लावून बंद केलेला होता, आणि त्या रिकाम्या रस्त्यावर टेबल होतं. या वेळी लांबलचक. एकाला एक जोडलेली टेबलं, पेल्यांच्या रांगाच रांगा, आणि मागे उभं राहायला भरपूर मोकळी जागा.

"भाऊजी, सोडा," होयबा म्हणाला. इतक्या वेगात, शांत, घरात बोलावं तसं.

"नाही."

रस्त्याच्या कडेला दिव्याचा खांब होता. मी त्याच्या दुसऱ्या बाजूने गेलो. पट्टा खांबाला अडकला, माझा खांदा निखळला, पण बायकोची शिलाई उसवली नाही. होयबा आडवा पडला आणि रस्त्यावर पडल्या पडल्या त्याचे पाय पळत राहिले, बूट डांबराला घासत. मी त्याच्या पायांवर आडवा झालो. लोक धावत आले. गोळे आलेत, गोळे आलेत, असं म्हणत कोणीतरी फवारा मारायला लागलं. मी त्यांना घाण घाण शिव्या दिल्या. रुग्णवाहिकेतल्या नर्सने इंजेक्शन दिलं, ते भिनेपर्यंत त्या पायांनी माझ्या फासळ्या मोडल्या.

मान वर करून पाहिलं, तेव्हा टेबलं तिथेच होती. रेनकोटवाल्याचा हात पुढेच होता. त्याला घाई नव्हती.

७

होयबा वाचला. पायांतले स्नायू संपलेत, डॉक्टर म्हणाला. हौशी पळणारे सगळे सारखेच मूर्ख, असंही म्हणाला. होयबा आता चाकाच्या खुर्चीत असतो आणि त्याच्या छातीचा भाता नीट वरखाली होतो. मी तो बघत बसतो. तो माझ्यावर चिडलेला आहे. चहा देऊ का विचारलं, तर नाही. खिडकी लावू का, नाही. मी त्याला वाचवलं, असं मला वाटतं. त्याला काय वाटतं, ते तो सांगत नाही.

हॉस्पिटलमध्ये कॅप्टन भेटायला आला होता. लिफ्ट बंद होती. सगळे मजले तो जिन्याने चढून आला आणि बाकावर बसला.

"ग्रुपने कमाल केली यंदा," तो म्हणाला. "सगळ्यांची वेळ सुधारली. ती गोदामाच्या रस्त्यावरची पाण्याची सोय, तुझ्या मेव्हण्यानेच सांगितली सगळ्यांना. फार चांगला मुलगा. आता दुसऱ्या ग्रुपांनाही सांगितलंय मी."

मी त्याच्याकडे बघत होतो. म्हातारा माणूस, इतके जिने चढून आलेला, आणि तोंड मिटलेलं. शर्टावर लोंबणारी शिट्टी हलतही नव्हती. बाकाखाली त्याची पावलं चालत होती.

मी त्याची कॉलर धरली. सगळं सांगितलं, ओरडून, नर्सा धावत येईपर्यंत. तो समजूतदारपणे हसला. "तू आधीपासूनच कटकट्या," म्हणाला. मी नंतर ग्रुपमधल्या एकेकाच्या घरी गेलो. शर्यत भरवणाऱ्यांच्या ऑफिसात गेलो, चौकीवर गेलो. चौकीवरच्या हवालदाराने विचारलं, "पाणी वाटणं हा गुन्हा आहे का?" त्याच्या टेबलाखाली बघायची मला हिंमत झाली नाही.

पुढच्या पावसाळ्यात शर्यत आली, तेव्हा होयबानेच म्हटलं, "मला घेऊन चला." आम्ही तिघं कमानीजवळ कठड्याला लागून उभे राहिलो. बायकोने त्याच्या खुर्चीची मूठ धरली होती. पाऊस चांगलाच होता.

शर्यत जवळ आली, की आधी आवाज येतो. हजारो माणसांचं धापा टाकणं, खोकणं, कण्हणं, एकमेकांना दिलेल्या हाका. लांबून तो एखाद्या मोठ्या भात्यासारखा ऐकू येतो. मी त्याची वाट बघत होतो.

वळणावर पहिले लोक दिसले, त्यांच्यामागे गर्दी, रस्ता भरून. ऐकू येत होते फक्त बूट. डावा, उजवा, डावा, उजवा, सगळ्यांचे एकदम. एवढी माणसं आणि एकाचाही श्वास नाही. कडेच्या लोकांच्या टाळ्याही हळूहळू विरल्या, आणि मग पाऊस आणि पावलं एवढंच राहिलं.

मी कठड्यावर चढलो आणि ओरडायला लागलो. थांबा, अरे थांबा, मूर्खांनो. घसा फाटेपर्यंत ओरडलो. काहींनी ओळखून माझ्याकडे बघितलं, मान डोलावली. कॅप्टनने हात केला.

माइकवरच्या माणसाने पहिल्याचा नंबर पुकारला. पदक घेऊन उभी असलेली पोरगी हसत पुढे झाली आणि तिने दोन्ही हातांनी रिबिन उघडून धरली.

पहिला तिच्या बाजूने निघून गेला. दुसराही गेला. मग तिला बाजूला व्हावं लागलं, कारण मागून सगळेच येत होते.